जादूगाराची झोप केवढ्याला पडते?

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४च्या जानेवारीत अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा या लहानशा गावातून बाजारात आला. पहिली छपाई अवघी हजार संचांची होती. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन युद्धखेळवेड्यांच्या त्या तीन पातळ पुस्तिकांतून टेबलाभोवती बसून खेळायच्या भूमिका-खेळांची परंपरा सुरू झाली. ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ या मालिकेमुळे आपल्याकडच्या अनेकांनाही या खेळाची तोंडओळख आहे. चार-पाच खेळाडू एकेक पात्र घेतात, एक जण ‘डन्जन मास्टर’ होऊन उरलेले जग चालवतो, आणि जिथे काय घडेल याची खात्री नसते तिथे फासे निकाल देतात. या खेळात नव्याने येणाऱ्याला एक नियम हमखास बुचकळ्यात पाडत असे. पहिल्या लेव्हलचा जादूगार दिवसातून एकच मंत्र टाकू शके. टाकला की तो त्याच्या डोक्यातून पुसला जाई, आणि रात्रीची झोप काढून, पोथी उघडून पुन्हा पाठ करेपर्यंत परत येत नसे. तलवारबहाद्दर दिवसभर तलवार चालवी, आणि आयुष्य विद्येत घालवलेला माणूस एका मंत्रानंतर खंजीर सावरत मागे उभा राही. या नियमाला गेली पन्नास वर्षे नावे ठेवली गेली आहेत, आणि नंतरचे कित्येक काल्पनिकेचे खेळ म्हणजे त्याला दिलेली उत्तरे आहेत. कुणी मंत्रांऐवजी गुण आणले, कुणी थकवा आणला, कुणी सगळे फाशावर सोपवले. पण या वादात एक प्रश्न बहुधा मागे राहिला. जादूगाराकडे मंत्र किती, यावरून जादू महाग की स्वस्त हे ठरत नाही. संपलेले मंत्र परत मिळवायला त्याला काय मोजावे लागते, यावरून ते ठरते. ज्या खेळात झोप फुकट आहे, त्या खेळात जादूही फुकट आहे.

मुळात मर्यादा हवीच कशाला, इथपासून सुरुवात करू. टॉल्किनचा गॅन्डाल्फ किती वेळा जादू करू शकतो, याचा नियम ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मध्ये कुठेही नाही आणि वाचकाला त्याची उणीवही भासत नाही. कारण गॅन्डाल्फचा हात लेखकाच्या मुठीत आहे. कथेला गरज असेल तेव्हाच तो हात उठतो. टेबलावर असा लेखक नसतो. तिथे जादूगाराच्या जागी एक हुशार खेळाडू बसलेला असतो, आणि प्रत्येक अडचण सर्वांत कमी कष्टात सोडवायची हे त्याचे रास्त काम असते. दार बंद आहे? मंत्र. पहारेकरी आहे? मंत्र. म्हणून लेखकाचा संयम खेळात नियमाने पुरवावा लागतो. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या बाबतीत ही गरज जरा जास्तच तीव्र होती. हा खेळ ज्यातून उगवला तो ‘चेनमेल’ (१९७१) म्हणजे मध्ययुगीन सैन्यांच्या लढायांचा युद्धखेळ. गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांच्या या पुस्तिकेला एक काल्पनिकेची पुरवणी होती, आणि तिच्यातल्या जादूगाराचा अग्निगोल मोठ्या दगडफेक्या यंत्राच्या मापाने आणि वीज मैदानी तोफेच्या मापाने मोजली जाई. दोन फौजा समोरासमोर असताना एखादी तोफ इकडे-तिकडे खपून जाते. खेळ मैदानावरून भुयारात उतरला आणि चार सोबत्यांतला एक जण तोफ निघाला, तेव्हा बाकी तिघांनी काय करायचे हा प्रश्न उभा राहिला.

गायगॅक्सला उत्तर जॅक व्हान्सच्या ‘द डाइंग अर्थ’ (१९५०) या पुस्तकात सापडले. व्हान्सच्या म्हाताऱ्या, विझत चाललेल्या पृथ्वीवर मंत्र ही जवळजवळ जिवंत, डोक्याला न पेलणारी गोष्ट आहे. त्याचा टर्जन हा जादूगार एका वेळी चारच मंत्र स्मरणात ठेवू शकतो, आणि उच्चारलेला मंत्र स्मरणातून निघून जातो. गायगॅक्सने हे ऋण कधी लपवले नाही. एप्रिल १९७६च्या ‘द स्ट्रॅटेजिक रिव्ह्यू’ या नियतकालिकात त्याने आपल्या जादूपद्धतीचे समर्थन लिहिले तेव्हा व्हान्सचे नाव घेतले, आणि जादूला वेसण नसेल तर खेळ नुसता जादूगारांचा तमाशा होऊन खेळाडू कंटाळतील, असे बजावले. खेळातल्या ‘व्हेक्ना’ या कुप्रसिद्ध मांत्रिकाचे नावही व्हान्सच्या अक्षरांची उलटापालट करूनच बनले आहे. व्हान्सकडून खेळाला दोन गोष्टी मिळाल्या. एक म्हणजे संख्येची मर्यादा. दुसरी अधिक मोलाची होती: सकाळीच, पुढे काय वाढून ठेवले आहे हे माहीत नसताना, आज कोणता मंत्र सोबत न्यायचा हे ठरवण्याची सक्ती. जादूगाराचे शहाणपण मंत्र टाकण्यात जितके दिसते, तितकेच ते निवडण्यात आणि राखून ठेवण्यात दिसू लागले.

पण संख्येची मर्यादा एकटी कधीच उभी नव्हती, आणि पुढच्या टीकाकारांच्या नजरेतून निसटते ते हेच. १९८१ साली टॉम मोल्डव्हे याने संपादित केलेल्या सुलभ आवृत्तीचे नियम पाहा. भुयारातला काळ दहा-दहा मिनिटांच्या ‘टर्न’मध्ये मोजायचा. मशाल सहा टर्न जळते. दर सहा टर्नमधला एक विश्रांतीत घालवायचा. दर दोन टर्नना डन्जन मास्टरने एक फासा टाकायचा आणि एक पडला तर भटका राक्षस हजर. या राक्षसांना मारून अनुभवाचे गुण अगदी किरकोळ मिळत. खरे गुण खजिना बाहेर काढण्याचे, एका सुवर्णनाण्याला एक. या नियमांची गाठ एकमेकांशी घट्ट बसलेली आहे. भुयारात रेंगाळणे म्हणजे तेल जाळणे, शिधा संपवणे आणि ज्यांच्याकडून काही लाभ नाही अशा शत्रूंना आमंत्रण देणे. मंत्र संपल्यावर झोपायचे ठरवले तर एक तर भुयारातच रात्रभर ते फासे सोसायचे, नाही तर बाहेर पडून परत यायचे, आणि तेवढ्यात आतले शत्रू सावध व्हायचे. गायगॅक्सने १९७९च्या आपल्या मार्गदर्शक ग्रंथात काळाचा काटेकोर हिशेब ठेवल्याशिवाय मोहिमेला अर्थ नाही, ही गोष्ट ठळक मोठ्या अक्षरांत छापली होती. अनेकांना तो त्याचा हेकेखोरपणा वाटला. प्रत्यक्षात तो जादूच्या नियमाचाच उरलेला अर्धा भाग सांगत होता. जादूगाराचा एक मंत्र मौल्यवान होता, कारण दुसरा मिळवायला लागणारी रात्र महाग होती.

मराठी वाचकाला हे कळायला विस्कॉन्सिनला जाण्याची गरज नाही. कर्णाला कवचकुंडलांच्या बदल्यात इंद्राकडून मिळालेली शक्ती एकदाच वापरता येणारी होती. ती त्याने अर्जुनासाठी राखली आणि युद्धाच्या चौदाव्या दिवसाच्या रात्री घटोत्कचावर टाकावी लागली. पांडवांच्या गोटात शोक चालू असताना कृष्ण मात्र आनंदला, कारण त्याने शत्रूला त्याचे अमोघ साधन चुकीच्या ठिकाणी खर्चायला लावले होते. आता त्या शक्तीत एकच बदल करून पाहा: पंधराव्या दिवशी सूर्योदयाला ती परत मिळते. साधन तेच, संहारशक्ती तीच, पण घटोत्कचाचे मरण, कृष्णाचा आनंद आणि कर्णाची पुढची हतबलता या तिन्हींतला अर्थ निघून जातो. त्या प्रसंगाचे सगळे नाट्य परतफेडीच्या अटीत आहे.

नियमाविरुद्धचे पहिले बंड फार लवकर झाले. ॲरिझोनातल्या फीनिक्सचे ग्रंथपाल केन सेंट आंद्रे यांनी १९७५ साली ‘टनेल्स अँड ट्रोल्स’ प्रसिद्ध केला. त्यात मंत्र विसरण्याची भानगडच नाही. मंत्र टाकला की जादूगाराच्या अंगातले बळ तितके कमी होते आणि विश्रांतीने भरून येते. १९७८च्या ‘रूनक्वेस्ट’मध्ये जादू सर्वांनाच थोडीफार येते आणि ती ‘पॉवर’ या आत्मबळाच्या गुणातून खर्च होते. पुढे संगणकावरच्या खेळांनी ‘माना’ नावाची निळी पट्टी घरोघरी पोचवली, तिची जात हीच. गुणांची ही पद्धत समजायला सोपी आहे, लवचीक आहे, आणि जाणकार माणूस पाठ केलेली गोष्ट का विसरतो या प्रश्नातून तिने सुटका केली. मात्र तिने बदलले ते फक्त नाणे. पट्टी चार खंडांची असो की चाळीस गुणांची, ती रात्रभरात विनासायास भरत असेल तर शहाणा खेळाडू ती रिकामी करून झोपणारच. ‘रूनक्वेस्ट’ला ही जाण होती. देवांकडून मिळणाऱ्या थोर जादूसाठी तिथे पॉवरचा गुण कायमचा अर्पण करावा लागतो. तो झोपेने परत येत नाही, म्हणून ती जादू खेळाडू जपून वापरतो.

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये मात्र पुढच्या बहुतेक आवृत्त्यांनी मंत्रांचे कोष्टक जपले आणि भोवतालची महागाई एकेक करून उतरवली. भटक्या राक्षसांचे फासे मागे पडले, मशालींची मोजणी कंटाळवाणी म्हणून सुटली, खजिन्याऐवजी लढायांचे गुण मिळू लागले. २०००च्या तिसऱ्या आवृत्तीत जखमा भरणारी एक साधी कांडी ७५० सुवर्णनाण्यांना मिळे आणि ती ५० वेळा चाले. एका वेळी जखमांचे सरासरी साडेपाच गुण भरून येतात असे धरले तर २७५ गुणांचे औषध झोळीत, आणि थोड्या वरच्या लेव्हलच्या पात्रांना ही रक्कम किरकोळ. त्याच आवृत्तीत दोरीच्या टोकाशी अदृश्य खोली उघडणारा ‘रोप ट्रिक’ हा मंत्र जादूगाराच्या लेव्हलइतके तास टिके. म्हणजे आठव्या लेव्हलपासून राक्षसांच्या घरात राहूनही रात्रभर सुरक्षित झोप. २०१४च्या पाचव्या आवृत्तीतली ‘टायनी हट’ ही जादूची झोपडी आठ तास टिकते, आणि विधी म्हणून सावकाश टाकली तर एकही स्लॉट, म्हणजे दिवसाच्या मंत्रांच्या कोट्यातली एकही जागा, खर्च होत नाही. जादूची किंमत झोपेत मोजायची आणि झोप जादूने फुकट मिळवायची, असे हे चक्र पूर्ण झाले. यातून जी सवय फोफावली तिला खेळणाऱ्यांनी ‘पंधरा मिनिटांचा दिवस’ असे नाव दिले आहे. एका लढाईत सगळे उधळायचे, लगेच मुक्काम ठोकायचा, सकाळी पुन्हा तेच. पगार मागाल तेव्हा मिळू लागला तर काटकसर कोण करील?

याचा परिणाम आकड्यांत तपासता येतो. पाचव्या आवृत्तीत पाचव्या लेव्हलच्या जादूगाराकडे पहिल्या पायरीचे चार, दुसरीचे तीन आणि तिसरीचे दोन, असे नऊ स्लॉट असतात. एक लढाई चार फेऱ्या चालते आणि फेरीला तो एक मंत्र टाकतो, असे धरू. दिवसाला दोनच लढाया झाल्या तर त्याच्या वाट्याला आठ फेऱ्या येतात. नऊ स्लॉट आठ फेऱ्यांत संपतच नाहीत. टंचाई पुस्तकात छापलेली राहते, टेबलावर येत नाही. सहा लढाया झाल्या तर फेऱ्या होतात चोवीस, आणि तोच जादूगार विचार करू लागतो. २०१४च्या मार्गदर्शक ग्रंथानेच एका दिवसात मध्यम ते कठीण अशा सहा ते आठ चकमकी आणि मध्ये दोन लहान विश्रांती गृहीत धरल्या होत्या. नोकरी-घर सांभाळून आठवड्याला तीन तास जमणाऱ्या मंडळींना एवढ्या चकमकी एका खेळदिवसात कोंबणे अवघड, आणि राजकारण, प्रवास, हेरगिरीच्या कथेत तर त्या बसतही नाहीत. अशा टेबलावर दिवसभर सारखाच उपयोगी पडणारा योद्धा मागे पडतो आणि सगळी शिबंदी दोन लढायांत ओतणारा जादूगार पुढे जातो. दोष लोक जादूगाराच्या मंत्रांना देतात. तो त्याच्या झोपेचा असतो. २०१४च्या त्याच मार्गदर्शक ग्रंथात एक पर्यायी नियम दडलेला आहे: लहान विश्रांती एका तासाऐवजी आठ तासांची, आणि मोठी विश्रांती आठ तासांऐवजी सात दिवसांची. मंत्रांचे कोष्टक तेच, आकडे तेच, तरी खेळ पूर्ण निराळा होतो. केवळ झोपेचा भाव बदलून एवढा फरक पडत असेल, तर किंमत कुठे ठरते याला याहून स्वच्छ पुरावा नको.

रचनाकारांना हे कळले नाही असे नाही. २००८च्या चौथ्या आवृत्तीने सर्व पात्रांची साधने एकाच साच्यात बसवली: काही कितीही वेळा, काही चकमकीला एकदा, काही दिवसाला एकदा. योद्ध्यालाही दिवसाला एकदाचे डाव मिळाल्याने दिवस आखूड झाला तरी तोल फारसा बिघडत नसे. पण त्या बदल्यात सगळी पात्रे एकसारखी वाटतात अशी ओरड झाली, आणि तिसऱ्या आवृत्तीच्या पायावर उभा राहिलेला ‘पाथफाइंडर’ २००९मध्ये त्याच नाराजीवर चालला. त्याहून धीट उत्तर २०१३च्या ‘थर्टीन्थ एज’चे. चौथ्या आवृत्तीचे प्रमुख रचनाकार रॉब हाइन्सू आणि तिसऱ्या आवृत्तीच्या रचनाकारांपैकी एक जोनाथन ट्वीट यांचा हा खेळ. यात साधने झोपेने भरतच नाहीत. साधारण चार लढाया झाल्या की भरतात, मग त्या एका दिवसात होवोत की महिन्याभरात. आधीच भरून हवी असतील तर मिळतात, पण मोहिमेत एक पाऊल मागे घ्यावे लागते. शत्रूचा एखादा डाव साधतो. पुस्तकी वास्तवाच्या दृष्टीने हे विचित्र आहे. तरीही रोग नेमका कुठे आहे हे इतक्या स्पष्टपणे मांडणारा नियम दुसरा सापडणे कठीण.

भरपाई महाग हवी, या म्हणण्यावर पहिला गंभीर आक्षेप असा की मोजणीच कशाला, जोखीम पुरेशी आहे. ‘शॅडोरन’ (१९८९) मध्ये मंत्रांची संख्याच ठरलेली नाही. प्रत्येक मंत्राचा ताण जादूगाराच्या देहावर येतो. ‘डन्जन क्रॉल क्लासिक्स’ (२०१२) मध्ये प्रत्येक मंत्रासाठी फासा टाकायचा. चांगला पडला तर अचाट परिणाम, वाईट पडला तर मंत्र त्या दिवसापुरता गेला, आणि फारच वाईट पडला तर जादूगाराचा देह कायमचा विद्रूप होतो. शिवाय आपले बळ किंवा चापल्य जाळून फाशाला हातभार लावता येतो. जादूतला अनिश्चित, धोक्याचा वास या पद्धतीने परत आणला, हे मान्यच करायला हवे. पण बारकाईने पाहिले तर इथेही दोन प्रकारच्या किमती आहेत: झोपेने भरून येणाऱ्या आणि कधीच न भरणाऱ्या. पहिल्या प्रकारात जुनाच प्रश्न फाशाआड उभा असतो, कारण गेलेला मंत्र उद्या परत येणार असतो. खेळाडूचा हात खरा थबकतो तो दुसऱ्या प्रकारापाशी. जोखीम चालते ती फाशामुळे कमी आणि परतफेड नसल्यामुळे जास्त.

दुसरा आक्षेप अनुभवी डन्जन मास्टरांचा: हे नियमाचे काम नाही, आमचे आहे. पौर्णिमेला बळी जाणार असेल तर पात्रे कशी झोपतील? एखाद्या कथेत हे उत्तम चालते. पण दर आठवड्याला पौर्णिमा आणता येत नाही. सतत घाईत असलेले जग लवकरच खोटे वाटू लागते. शिवाय झोपलेल्यांवर हल्ला करायचा की नाही हे एका माणसाच्या मर्जीवर सोडले, की खेळाडूंना ती शिक्षा वाटते. १९८१चा फासा कुणावर राग धरत नव्हता. सहापैकी एक, हे सर्वांना आधीपासून माहीत होते आणि खेळाडू त्यावरून आपला हिशेब मांडू शकत होते. चांगल्या डन्जन मास्टरच्या भरवशावर उभा असलेला नियम म्हणजे अर्धवट लिहिलेला नियम.

तिसरा आक्षेप मनाला सर्वांत जवळचा: लोक अद्भुत अनुभवायला येतात, मशालींची वही ठेवायला नाही. वही कंटाळवाणी असते, हे खरे. पण काळ महाग करायला वहीच लागते असे नाही. केल्सी डायोन यांच्या ‘शॅडोडार्क’ने २०२३मध्ये मशालीला टेबलावरचा खरा एक तास दिला. मशाल पेटवली की घड्याळ लावायचे. खेळाडू वाद घालत बसले तर उजेड खरोखर संपतो. नोंद शून्य, दडपण पुरेपूर. या खेळाच्या छपाईसाठी वाचकांनी १३ लाख डॉलरहून अधिक रक्कम आगाऊ दिली, यावरून टंचाईची हौस अजून जिवंत आहे असे दिसते. दुसऱ्या टोकाला ‘आर्स माजिका’ (१९८७) आहे. ट्वीट आणि मार्क राइन-हागेन यांच्या या खेळात पाच क्रिया आणि दहा विषय जुळवून जादूगार हवा तो मंत्र ऐन वेळी रचतो. इतकी मोकळी जादू क्वचितच कुठल्या खेळात असेल. मग वेसण कुठे आहे? ऋतूत. काळ तीन-तीन महिन्यांत मोजला जातो, आणि या ऋतूत अभ्यास करायचा, प्रयोगशाळेत यंत्र घडवायचे, ग्रंथ लिहायचा की साहसावर जायचे, यातले एकच निवडता येते. साहस म्हणजे बुडालेला अभ्यास. जादूगाराचे आयुष्यच चलन बनते, आणि अद्भुताला त्याने तसूभरही धक्का लागत नाही.

ज्या टेबलावर आठवड्याला एकच मोठी लढाई होते आणि बाकी वेळ कारस्थानांत जातो, तिथे रोजच्या स्लॉटचे कोष्टक बाळगण्याचे कारण नाही. तिथे सात दिवसांची विश्रांती लावावी, किंवा साधनांची झीज हा विषयच नसलेला खेळ घ्यावा. त्यात काही कमीपणा नाही. जिथे धोक्याच्या जागी खोल उतरत जाण्याची कथा आहे, तिथे मात्र भरपाईला भाव हवाच. म्हणून नवा खेळ घेताना, किंवा स्वतःचा रचताना, मंत्रांच्या यादीवर आधी वेळ घालवू नका. ती शंभर पानांची असते आणि मोहक असते. आधी विश्रांतीचे पान काढा. बहुतेक पुस्तकांत ते अर्धेच असते. झोपण्याआधी पात्रांना काय गमवावे लागेल, याचे उत्तर तिथे सापडत नसेल, तर मंत्रांची यादी कितीही कसून तोललेली असो, तुमच्या टेबलावर तो तोल टिकणार नाही.